वनस्पतींसाठी कृत्रिम प्रमोटर कसा रचावा

भारतात २००२ साली लागवडीस परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीत क्राय१एसी हे बोंडअळीला विषारी असे प्रथिन बनवणारे जनुक ज्या प्रमोटरच्या हुकमतीखाली चालते, तो प्रमोटर कपाशीचा नाही. फुलकोबीवर मोझॅक रोग आणणाऱ्या विषाणूतून घेतलेला तो ३५एस प्रमोटर असून, जोर वाढवण्यासाठी त्याचा एक भाग दुबार जोडलेला आहे. झाडाच्या जवळजवळ सर्व भागांत चालू राहणारा म्हणून त्याची ख्याती आहे. मात्र नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत विषारी प्रथिनाचे प्रमाण पानांत सर्वाधिक, तर बोंडाच्या सालीत आणि फुलातील अंडाशयात सर्वांत कमी आढळले, आणि पिकाचे वय वाढत गेले तसे ते घटत गेले. बोंडअळी तर बोंडच खाते. या घसरणीचे सारे खापर प्रमोटरवर फोडता येणार नाही, परंतु जनुक योग्य असूनही ते कोठे आणि केव्हा वाचले जाते यावर त्याची उपयुक्तता किती अवलंबून असते, हे यावरून दिसते.

प्रमोटर म्हणजे जनुकाच्या आरंभाआधीचा डीएनएचा पट्टा. प्रतिलेखनाची यंत्रणा त्यावर बसते आणि जनुक कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी व किती प्रमाणात वाचले जाईल हे तेथे ठरते. निसर्गातील प्रमोटर एकाच वेळी अनेक संकेतांना प्रतिसाद देतो आणि त्यांपैकी आपल्याला हवा तेवढाच प्रतिसाद त्यातून सुटा काढणे सहसा जमत नाही. कृत्रिम प्रमोटर रचताना ज्यांचे काम ठाऊक आहे असे छोटे तुकडे निवडून ते एका साध्या गाभ्याला जोडले जातात. पीसीआर आणि क्लोनिंग येत असलेल्या, पण प्रमोटर रचण्याचे काम प्रथमच हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. संगणकावर घटकांची यादी काढणे हा या कामाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा भाग आहे, असे माझे मत आहे. गाभ्याची निवड, तुकड्यांचा शेजार आणि तुलनेसाठीच्या रचना यांवर निकाल ठरतो. म्हणून पुढे त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

पहिली पायरी : अपेक्षा लिहून काढणे

काम सुरू करण्यापूर्वी जनुक कोणत्या अवयवात चालायला हवे, कोणत्या संकेतानंतर, किती वेळात आणि किती प्रमाणात, हे लिहून ठेवावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही : संकेत नसताना प्रमोटर किती चालला तर खपेल? समजा, एका प्रमोटरची पातळी ०.२ वरून २ वर जाते आणि दुसऱ्याची १ वरून ६ वर. पहिल्याची वाढ दहापट आहे, दुसऱ्याची सहापट. पण सर्वाधिक पातळी दुसऱ्याची आहे. पेशीला अपायकारक असे प्रथिन बनवायचे असेल तर पहिला घ्यावा लागेल, कारण दुसऱ्याची गळती रोपाला वाढूच देणार नाही. केवळ रंग उमटवणारे संकेतदर्शक रोप हवे असेल तर दुसराही चालेल. ‘किती पट’ हा एकच आकडा पाहून प्रमोटर निवडू नये.

याच टप्प्यावर संस्थात्मक जैवसुरक्षा समितीकडे प्रस्ताव द्यावा. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम बंदिस्त प्रयोगशाळेतील कामालाही लागू होतात.

दुसरी पायरी : गाभा ठरवणे

गाभा प्रमोटर म्हणजे आरएनए पॉलिमरेज बसून वाचन सुरू करू शकेल एवढाच लहानात लहान भाग. बऱ्याच वनस्पती-प्रमोटरमध्ये त्यात टाटा पेटी, म्हणजे टी आणि ए या अक्षरांचा छोटा क्रम, असते आणि ती वाचनाच्या आरंभबिंदूच्या साधारण ३० बेस आधी येते. आरंभबिंदूवर बहुतेक वेळा ए किंवा जी असतो आणि त्याच्या अलीकडे सी किंवा टी. एकट्या गाभ्याने जनुक जवळजवळ चालू नये, पण वर नियामक घटक जोडताच ते जोमाने चालावे, अशी अपेक्षा असते.

द्विदल वनस्पतींत सर्वाधिक वापरला जाणारा गाभा ३५एस प्रमोटरचाच, उणे ४६ ते अधिक ८ (आरंभबिंदूच्या ४६ बेस आधीपासून ८ बेस पुढपर्यंत) एवढा तुकडा आहे. येथे नवोदितांची एक ठरावीक गफलत होते. जुन्या प्लाझ्मिडांत ‘किमान ३५एस’ या नावाखाली कधी उणे ४६ चा तुकडा असतो, तर कधी उणे ९० चा. या दोहोंमधील चव्वेचाळीस बेसच्या पट्ट्यात एएस-१ हा घटक आहे. टीजीएसीजी ही पाच अक्षरे त्यात दोनदा येतात आणि त्यांवर टीजीए गटातील ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएवर बसून प्रतिलेखन नियंत्रित करणारी प्रथिने, बसतात. बेन्फी आणि चुआ यांनी १९९० च्या सुमारास ३५एसचे तुकडे पाडून दाखवले की, उणे ९० पासून पुढचा भाग मुख्यत्वे मुळांत चालतो, तर त्याच्या वरचा उणे ३४३ पर्यंतचा भाग मुख्यत्वे जमिनीवरील अवयवांत. शिवाय एएस-१ सॅलिसिलिक आम्ल आणि ऑक्झिन या वनस्पती-संप्रेरकांनाही प्रतिसाद देतो. त्यामुळे उणे ९० चा तुकडा गाभा म्हणून घेतला, तर मुळांतील आणि ऑक्झिनमुळे होणारी हालचाल आपण जोडलेल्या घटकांमुळे होते आहे असा समज होईल. प्लाझ्मिडच्या नावावर विसंबून न राहता त्याचा क्रम स्वतः उघडून पाहावा.

गाभा हा केवळ एक रिकामा ओटा आहे, ही समजूतही सोडून द्यावी. वॉशिंग्टन विद्यापीठातील गटाने २०२१ साली अॅराबिडॉप्सिस (प्रयोगांत नेहमी वापरली जाणारी मोहरीच्या कुळातील छोटी वनस्पती), मका आणि ज्वारी यांचे सत्तर हजारांहून अधिक गाभा प्रमोटर, प्रत्येकी १७० बेसचे, एकाच वेळी मोजले. हे मोजमाप तंबाखूवर्गीय रोपाच्या पानांत आणि मक्याच्या प्रोटोप्लास्टमध्ये, म्हणजे भित्तिका काढलेल्या पेशींत, झाले. टाटा पेटीचे अस्तित्व आणि तिची जागा यांचा ताकदीवर मोठा परिणाम दिसला. पानांच्या चाचणीत जी आणि सी यांचे प्रमाण जास्त असलेले प्रमोटर एकंदरीत दुबळे ठरले. मक्याच्या पेशींत तो परिणाम तितका ठळक नव्हता. म्हणजे द्विदलात जोखलेला गाभा तृणधान्यात तसाच चालेल असे गृहीत धरता येत नाही. भात, मका किंवा ज्वारीसाठी काम करायचे असेल तर ३५एसचा मोह टाळून त्या गटातील गाभा घ्यावा. मक्याचा यूबीआय१ आणि भाताचा अॅक्टिन-१ हे प्रमोटर आपल्या पहिल्या इंट्रॉनसह वापरले जातात, कारण त्या इंट्रॉनमुळे अभिव्यक्ती बरीच वाढते. त्यांच्या तुकड्यांवर बेतलेल्या रचनेत इंट्रॉन वगळला तर मिळणारा आकडा निराशाजनक असू शकतो.

तिसरी पायरी : नियामक घटक निवडणे

येथे बहुतेक जण प्लांटकेअर किंवा प्लेस यांसारख्या नियामक घटकांच्या संगणकीय संग्रहात क्रम टाकतात आणि रंगीत चौकटींनी भरलेले चित्र घेऊन बाहेर पडतात. असे चित्र प्रबंधात शोभून दिसते, पण त्याला पुरावा मानण्याआधी थोडे गणित करावे. एसीजीटी हा अॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या घटकाचा चार अक्षरी गाभा आहे. चार अक्षरांचा कोणताही ठरावीक क्रम निव्वळ योगायोगाने दर २५६ बेसमागे एकदा येतो, म्हणजे हजार बेसच्या प्रमोटरमध्ये तो सुमारे चार वेळा आपोआप सापडेल. सहा अक्षरी क्रम दर ४,०९६ बेसमागे एकदा येतो आणि दोन्ही धागे शोधले तर दर दोन हजारांमागे एकदा. संग्रहात असे शेकडो लघुक्रम असल्यामुळे कोणताही यादृच्छिक डीएनए ‘दुष्काळ-प्रतिसादी’, ‘प्रकाश-प्रतिसादी’ आणि ‘जखम-प्रतिसादी’ असा एकाच वेळी ठरतो.

म्हणून ज्याला काढून टाकल्यावर किंवा ज्याची अक्षरे बदलल्यावर प्रतिसाद नाहीसा झाल्याचे प्रयोगाने दाखवलेले आहे, असाच घटक निवडावा. त्याखालोखाल डॅप-सीक्वेन्सिंगसारख्या पद्धतीने, म्हणजे शुद्ध केलेला फॅक्टर जीनोमच्या तुकड्यांवर कोठे चिकटतो हे पाहून मिळालेल्या माहितीवर भर द्यावा. अॅराबिडॉप्सिसच्या शेकडो फॅक्टरसाठी ती २०१६ पासून उपलब्ध आहे. ज्या पिकात प्रमोटर चालवायचा आहे त्यात तो फॅक्टर, किंवा त्याचा जवळचा नातेवाईक, हव्या त्या अवयवात असतो का, हेही आरएनए-सीक्वेन्सिंगच्या आकड्यांवरून पाहावे. फॅक्टरच नसेल तर घटकाच्या कितीही प्रती जोडून काही होणार नाही.

आणखी एक सावधगिरी. काही घटक एकटे काम करत नाहीत. बार्लीच्या एचव्हीए२२ या जनुकावर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, अॅब्सिसिक आम्लाच्या प्रतिसादासाठी एसीजीटी असलेली पेटी पुरेशी नव्हती; तिच्या शेजारी दुसरा एक जोडघटक लागत होता. अशा वेळी मूळ प्रमोटरमधील जोडी, त्यांच्यातील अंतरासह, एकच तुकडा म्हणून उचलावी.

डीआर५ : एक उदाहरण जवळून

सिद्धांत वाचण्यापेक्षा एखादा यशस्वी प्रमोटर अक्षराअक्षराने तपासणे अधिक शिकवून जाते, आणि त्यासाठी डीआर५ इतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. उल्मासोव, मर्फेट, हॅगन आणि गिलफॉयल यांनी तो १९९७ साली प्रसिद्ध केला. सोयाबीनच्या जीएच३ जनुकाच्या प्रमोटरमध्ये ऑक्झिनला प्रतिसाद देणारा एक संयुक्त घटक होता. त्यातील काही अक्षरे मुद्दाम बदलून त्यांनी अधिक तीव्र प्रतिसाद देणारा घटक मिळवला. त्याचे एकक अकरा बेसचे आहे : सीसीटीटीटीटीजीटीसीटीसी. यातील शेवटची सहा अक्षरे, म्हणजे टीजीटीसीटीसी, हे ऑक्झिन रिस्पॉन्स फॅक्टरचे बसण्याचे ठिकाण. हे एकक एकापुढे एक, एकाच दिशेने, सात किंवा अधिक वेळा मांडून त्याखाली ३५एसचा उणे ४६ चा गाभा जोडलेला असतो. गाजराच्या प्रोटोप्लास्टमध्ये आणि अॅराबिडॉप्सिसच्या रोपांत त्याने मूळ जीएच३ प्रमोटरपेक्षा ऑक्झिनला अधिक प्रतिसाद दिला.

आता अंतर पाहू. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचे एक वळण सुमारे साडेदहा बेसचे असते. एकक अकरा बेसचे असल्यामुळे प्रत्येक पुढची प्रत जवळजवळ त्याच अंगाला येते. पहिल्या आणि सातव्या प्रतीत मिळून तीनच बेसचा, म्हणजे पाव वळणाहून किंचित अधिक फरक पडतो. मधे कोठे पाच बेस घातले तर त्यापुढील सर्व ठिकाणे सर्पिलाच्या विरुद्ध अंगाला जातील. शेजारी बसणारे फॅक्टर एकमेकांना आधार देत असतील, तर या फरकाने ताकद ढासळू शकते.

शेजारच्या अक्षरांचे महत्त्व दाखवणारी गोष्ट याहून बोलकी आहे. टीजीटीसीटीसी दुसऱ्या धाग्यावर वाचला की जीएजीएसीए होतो. गंधकाची टंचाई असताना जागे होणाऱ्या, मुळांतील एका जनुकाच्या प्रमोटरमध्ये २००५ साली जो प्रतिसादी घटक सापडला, त्याच्या गाभ्यात हीच सहा अक्षरे होती. तरीही तो घटक ऑक्झिनला प्रतिसाद देत नव्हता. तीच अक्षरे, शेजार वेगळा, आणि काम पूर्ण वेगळे. नंतर फॅक्टरची पकड मोजली गेली तेव्हा टीजीटीसीटीसीपेक्षा टीजीटीसीजीजी अधिक घट्ट धरला जातो असे दिसले, आणि त्यावरून २०१५ साली डीआर५ची अधिक संवेदनशील दुसरी आवृत्ती तयार झाली. शेवटची दोनच अक्षरे बदलली होती.

चौथी पायरी : मांडणी

निवडलेल्या घटकाच्या दोन, चार आणि आठ प्रती असलेल्या तीन रचना एकाच वेळी कराव्यात. प्रती वाढवल्या की ताकद वाढते, परंतु ती सरळ रेषेत वाढत नाही, आणि तिच्याबरोबर गळतीही वाढू शकते. त्यामुळे चार प्रतींवर थांबणे अनेकदा शहाणपणाचे असते. कोलोन येथील माक्स प्लांक संस्थेतील गटाने २००२ साली डब्ल्यू पेटी, जीसीसी पेटी आणि इतर रोग-प्रतिसादी घटकांपासून रचलेल्या प्रमोटरवर काम केले. घटक कोणता, त्याच्या प्रती किती, क्रम काय आणि अंतर किती, यांपैकी प्रत्येक गोष्टीचा परिणाम ताकदीवर किंवा पार्श्वपातळीवर झाल्याचे त्यात दिसते. त्या प्रमोटरपैकी बरेचसे जखमेलाही प्रतिसाद देत होते, ही बाब पुढे चाचणीच्या वेळी उपयोगी पडेल.

घटकांचा गठ्ठा गाभ्याच्या लगेच वर ठेवावा. वनस्पतींतील वर्धक, म्हणजे प्रमोटरचा जोर वाढवणारे पट्टे, दूर नेले किंवा जनुकाच्या शेपटीकडे ठेवले, तर त्यांचा प्रभाव बराच ओसरतो, असे मोठ्या प्रमाणावरील मोजमापांत आढळले आहे. प्रतींमधील भरावाची अक्षरे प्रत्येक ठिकाणी वेगळी ठेवावीत, मात्र बसण्याच्या ठिकाणाला चिकटून असलेली दोन-तीन अक्षरे मूळ प्रमोटरप्रमाणेच राहू द्यावीत. भराव एकसारखा असला की रचना ई. कोलायमध्ये आखडते, पीसीआर घसरतो आणि डीएनए बनवून देणाऱ्या कंपन्या मागणीच परत पाठवतात.

लहान तुकडे जोडण्याऐवजी प्रमोटरचे मोठे भाग एकमेकांना जोडण्याचाही एक मार्ग आहे, आणि त्यात भारतात चांगले काम झाले आहे. भुवनेश्वरच्या जीवविज्ञान संस्थेत ३५एसच्या कुळातील विषाणूंचे, म्हणजे फिगवर्ट मोझॅक आणि गुलबक्षीच्या वंशातील मिराबिलिस मोझॅक या विषाणूंचे, वर्धक आणि गाभे अदलाबदल करून संकरित प्रमोटर बनवले गेले. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील गटाने २००१ साली वेगळी वाट घेतली : भरपूर व्यक्त होणाऱ्या वनस्पती-जनुकांचे क्रम संगणकावर ताडून पाहून, त्यांतील समान वैशिष्ट्यांवरून एक संपूर्ण अभिव्यक्ती-संच रचला. जोर हाच मुख्य हेतू असेल तर हे मार्ग उत्तम आहेत. नेमका संकेत हवा असेल तर मात्र लहान घटकांपासून सुरुवात करणे बरे, कारण मोठ्या तुकड्याबरोबर न मागितलेले घटकही येतात.

तिसरा मार्ग परक्या जोडीचा. यीस्टमधील गॅल४ हा फॅक्टर आणि त्याचे सतरा बेसचे बसण्याचे ठिकाण ही जोडी वनस्पतीत आणली की तिचा वनस्पतीच्या स्वतःच्या संकेतांशी संबंध राहत नाही, आणि फॅक्टर ज्या पेशीत बनेल तेथेच प्रमोटर चालतो. अलीकडे याच तत्त्वावर यीस्ट आणि जिवाणूंचे अनेक फॅक्टर वापरून मुळांतील अभिव्यक्ती ठरावीक आराखड्याप्रमाणे वळवण्यापर्यंत मजल गेली आहे. तोटा असा की गॅल४च्या ठिकाणी सीजी ही जोडी दोन्ही टोकांना येते आणि तिच्यावर मिथाइल गट चढला की फॅक्टर बसत नाही. काही पिढ्यांनंतर प्रमोटर मंदावला तर आधी हे तपासावे.

पाचवी पायरी : क्रम मागवण्यापूर्वी

तयार क्रम आता अनोळखी नजरेने वाचावा. जोडांच्या जागी नवे घटक नकळत तयार झाले आहेत का, गाभ्याच्या पुढच्या भागात जास्तीचा एटीजी (प्रथिनाच्या वाचनाचा आरंभसंकेत) आला आहे का, आणि क्लोनिंगसाठीच्या एन्झाइमांची ठिकाणे आत लपली आहेत का, हे पाहावे. तुकडे जोडण्याच्या गोल्डन गेट पद्धतीत बीएसए-१ हे एन्झाइम जीजीटीसीटीसी ओळखते आणि बीएसएमबी-१ हे सीजीटीसीटीसी. ऑक्झिन घटक टीजीटीसीटीसी या दोहोंपासून फक्त एका अक्षराने दूर आहे. तुलनेसाठी बिघडवलेला घटक बनवताना पहिल्या टीच्या जागी जी घातला तर प्रत्येक प्रतीत बीएसए-१चे ठिकाण तयार होईल आणि सी घातला तर बीएसएमबी-१चे. रचना जोडणीच्या नळीतच तुकडे तुकडे होईल. बदल त्यापुढच्या जीटीसी या अक्षरांत करावा.

वनस्पतींसाठीच्या सामायिक मांडणीत प्रमोटरचे वरचे टोक जीजीएजी आणि जनुकाला भिडणारे टोक एएटीजी असे ठरलेले आहे. तेच ठेवावे, म्हणजे इतरांचे तुकडे थेट जोडता येतात. छोट्या पुनरावृत्तीसाठी दोन पूरक ऑलिगो मागवून ते नळीत जुळवणे स्वस्त पडते, पण एकसारख्या प्रती एक-दोन घरे सरकूनही जुळतात. म्हणून अनेक वसाहती घेऊन प्रत्येकीचा क्रम वाचून पाहावा. ई. कोलायचा रेकए (सारख्या प्रतींत अदलाबदल घडवणारे जनुक) नसलेला वाण, उदाहरणार्थ डीएच५ अल्फा, वापरावा. अॅग्रोबॅक्टेरियम या, वनस्पतीत डीएनए नेणाऱ्या जिवाणूत प्लाझ्मिड टाकल्यावर ते पुन्हा बाहेर काढून प्रतींची संख्या तपासण्याचा कंटाळा करू नये.

सहावी पायरी : तुलना आणि चाचणी

प्रमोटरइतकेच कष्ट तुलनेच्या रचनांवर घ्यावेत. एकटा गाभा, गाभा आणि तेवढ्याच लांबीचा निव्वळ भराव, बिघडवलेले घटक असलेली, बाकी हुबेहूब रचना, आणि एक ओळखीचा जोरकस प्रमोटर, एवढे चार लागतातच. यांतील तिसरी रचना सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी आहे. ती नसेल तर प्रतिसाद घटकांमुळे आला की लांबी, जोड किंवा गाभा यांमुळे, हे सांगण्याचा कोणताच आधार उरत नाही.

सूचक जनुक, म्हणजे प्रमोटर किती चालला हे रंगाने किंवा प्रकाशाने दाखवणारे जनुक, कामानुसार निवडावे. १९८७ पासून रूढ असलेले गस निळा रंग देते आणि कोणत्या पेशीत काय चालले आहे हे छान दाखवते. परंतु त्याचे प्रथिन टिकाऊ असल्यामुळे प्रमोटर बंद झाल्यावरही रंग उमटत राहतो. चढउतार मोजायचे असतील तर काजव्याचे ल्युसिफरेज घ्यावे. दोन्हींत इंट्रॉन असलेली आवृत्ती वापरावी, नाहीतर अॅग्रोबॅक्टेरियमच ते जनुक वाचून आकडा फुगवेल. त्याच प्लाझ्मिडवर दुसरे, रेनिला ल्युसिफरेज स्थिर प्रमोटरखाली ठेवून दोहोंचे गुणोत्तर काढले की पानागणिक होणारा फरक बराच निघून जातो. हा स्थिर प्रमोटर कोणता घ्यायचा यातही मेख आहे. ३५एसमध्ये एएस-१ आहे, आणि त्याऐवजी सहज उचलला जाणारा नॉस प्रमोटर ऑक्झिनला व जखमेला प्रतिसाद देतो हे १९९० सालीच दाखवले गेले आहे. ऑक्झिनच्या प्रयोगात दोन्ही टाळून अॅराबिडॉप्सिसचा यूबीक्यू१० घ्यावा, आणि तोही केवळ द्रावकाने भिजवलेल्या व संप्रेरक दिलेल्या नमुन्यांत सारखाच राहतो का हे आधी मोजावे.

पहिली चाचणी निकोटियाना बेंथामियानाच्या पानात अॅग्रोबॅक्टेरियम टोचून करता येते. दोन-तीन दिवसांत आकडे मिळतात. तुलनेच्या रचना शक्यतो एकाच पानाच्या दोन अर्ध्या भागांत टोचाव्यात, पानाचे वय सारखे ठेवावे आणि रोपांवरील जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. मात्र ही चाचणी सर्व प्रमोटरना न्याय देत नाही. सुईविरहित सिरिंजने पान दाबले जाते, आत जिवाणू सोडले जातात. म्हणजे रोग आणि जखम हे दोन्ही संकेत प्रयोगाच्या पद्धतीतच आहेत. डब्ल्यू पेटी असलेला प्रमोटर येथे सुरुवातीपासूनच पेटलेला दिसेल. सायटोकायनिन या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या प्रमोटरचीही तीच गत, कारण अॅग्रोबॅक्टेरियमचा नोपॅलीन गटातील वाण, अगदी घराघरात वापरला जाणारा जीव्ही३१०१ सुद्धा, स्वतःच सायटोकायनिन सोडतो. अशा प्रमोटरसाठी प्रोटोप्लास्ट घ्यावेत किंवा थेट स्थिर रोपांकडे वळावे.

सातवी पायरी : स्थिर रोपे

तात्पुरत्या चाचणीत प्लाझ्मिडच्या असंख्य प्रती पेशीत असतात आणि त्या गुणसूत्रात बसलेल्या नसतात. खरी परीक्षा जीनोममध्ये शिरल्यावर होते. अॅराबिडॉप्सिसमध्ये फुले बुडवण्याची १९९८ ची सोपी पद्धत वापरून प्रत्येक रचनेच्या किमान दहा-बारा स्वतंत्र ओळी, म्हणजे एकेका रूपांतरित रोपापासूनचे वंश, मिळवाव्यात, कारण तुकडा कोठे घुसतो यावर अभिव्यक्ती कित्येक पटींनी बदलते. सर्वांत छान दिसणारी एक ओळ निवडून तिचेच छायाचित्र छापण्याची पद्धत दिशाभूल करते. सर्व ओळींचा मध्यक आणि त्यांतील विखुरलेपणा द्यावा. दुसऱ्या पिढीत तीनास एक असे प्रमाण दाखवणाऱ्या, म्हणजे बहुधा एकाच ठिकाणी घुसलेला तुकडा असलेल्या ओळी पुढे न्याव्यात.

निवडक जनुक, म्हणजे कॅनामायसिन किंवा हायग्रोमायसिन सहन करण्याची ताकद देणारे जनुक, बऱ्याच वेक्टरांत ३५एसखाली असते. त्याचा वर्धक शेजारच्या अवयव-विशिष्ट प्रमोटरला सगळीकडे चालू करतो, असे २००५ साली प्रयोगाने दाखवले गेले आहे. मुळांपुरता रचलेला प्रमोटर पानांतही दिसू लागला तर आपल्या रचनेला दोष देण्याआधी वेक्टरचा नकाशा पाहावा. ३५एस नसलेला वेक्टर निवडावा आणि तरीही दोन्ही प्रमोटर टी-डीएनएच्या, म्हणजे वनस्पतीत शिरणाऱ्या तुकड्याच्या, विरुद्ध टोकांना ठेवावेत.

डीआर५चे रोप बरोबर चालते आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे : संप्रेरक न देता मुळाच्या अगदी टोकाशी रंग, आणि ऑक्झिन दिल्यावर तो मुळाच्या वरच्या भागात पसरलेला. आपण रचलेल्या प्रमोटरसाठीही अशी खूण आधीच लिहून ठेवावी, बिघडवलेल्या घटकांची ओळ तिच्या शेजारी त्याच पेटीत वाढवावी, आणि तिसऱ्या व चौथ्या पिढीत त्याच वयाच्या रोपांवर मोजमाप पुन्हा घ्यावे. पातळी घसरलेली आढळली तर प्रमोटरवरील मिथाइल गट तपासावेत आणि पुढच्या रचनेत प्रती कमी करून भराव अधिक वेगळा ठेवावा.